मथूचं लष्करी घड्याळ

मथूने मनगट धरलं की नवी बाळंतीण आधी घाबरायची. डाव्या हाताची तीन बोटं नाडीवर, उजव्या हाताचा अंगठा स्वतःच्याच बोटांच्या पेरांवरून भराभर सरकतो आहे आणि ओठ पुटपुटताहेत. खाटेवरच्या बाईला वाटायचं, सिस्टर काहीतरी मंत्र घालते आहे, म्हणजे आपलं काही खरं नाही. मंत्रबिंत्र काही नव्हता. मथू एकोणतिसाचा पाढा म्हणत असे. ओठांवर वेळ आणि पेरांवर ठोके, असं तिचं दोन्हीकडचं काम एकदम चालायचं.

हा पाढा तिला मी दिला. घाटकोपरला एकाच चाळीत, एका भिंतीच्या अल्याड-पल्याड आम्ही राहत होतो. मी प्राथमिक शाळेत मास्तरीण, ती स्टेशनजवळच्या एका खाजगी प्रसूतिगृहात नर्स, शिवाय गावभर घरोघरीची बाळंतपणं. दोघी एकट्या आणि चाळिशीच्या आसपासच्या, त्यामुळे अहोजाहोची भानगड पहिल्याच महिन्यात मिटली. मी तिला मथू म्हणत असे आणि ती मला चारचौघांतसुद्धा 'ए मास्तरणी' अशी हाक मारत असे. तिला नवऱ्याने टाकली होती, असं चाळ म्हणायची. एकदा कुणीतरी तोंडावर विचारलं, तेव्हा भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "त्याने सोडली नाही हो, मी सुटले."

एका संध्याकाळी माझ्याकडे येऊन ती म्हणाली, "ए, बरोब्बर अर्ध्या मिनिटात म्हणून होईल असं तुझ्याकडे काय आहे?" मी म्हटलं, कशाला? तर तिच्याकडे घड्याळ नव्हतं. प्रसूतिगृहात भिंतीवर होतं, पण लोकांच्या घरी जाऊन नाडी मोजायची तर कशावर मोजणार? मग रविवारी आम्ही दोघी रिकाम्या शाळेत गेलो. भिंतीवरच्या घड्याळासमोर उभं राहून मी एकेक पाढा म्हणत गेले. सतराचा फार लवकर संपला, तेविसाला ती अडखळू लागली. एकोणतिसाचा संथपणे म्हटला तर काटा बरोबर अर्धं वर्तुळ फिरायचा. मथूने तो पंधरा दिवसांत घोकून पक्का केला. माझ्या वर्गातल्या एकाही मुलाला तो तिच्याइतका कधी आला नाही.

पण पाढ्यावर तिचं समाधान नव्हतं. "अजमासाने आमटीत मीठ घालावं, नाडी मोजू नये," हे तिचं ठरलेलं वाक्य. आणि नाडीपेक्षाही तिला काळजी जन्मवेळेची. मूल बाहेर आलं की घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा पहिला प्रश्न 'मुलगा की मुलगी' आणि दुसरा 'किती वाजले'. मथू सांगेल ती वेळ भटजीकडे जाणार, तिच्यावर पत्रिका बनणार आणि ती पत्रिका त्या जिवाला जन्मभर चिकटणार. "एक मिनिट चुकलं तर दुसऱ्याच माणसाचं नशीब ह्याच्या गळ्यात पडायचं गं," असं ती म्हणायची. माझा पत्रिकेवर विश्वास नव्हता. तिचाही फारसा होता असं नाही, पण लोकांचा होता, आणि ज्याच्यावर लोकांचा विश्वास आहे ती गोष्ट आपण नीट करावी एवढंच तिला कळत होतं.

प्रसूतिगृहाच्या डॉक्टरांच्या हातात सोन्याचं स्विस घड्याळ होतं. केसासारखा बारीक सेकंदाचा काटा, आणि वर्षात मिनिटाचाही फरक नाही म्हणे. मथूला तसलं हवं होतं. ते मिळणार नाही हे ठाऊक असूनही ती एकदा फोर्टातल्या दुकानात जाऊन आली. दुकानदाराने घड्याळ मखमलीच्या पेटीतून काढलं, मग त्याची नजर तिच्या चपलांकडे गेली आणि त्याने ते परत पेटीत ठेवलं. हे तिनेच मला हसत सांगितलं. मग तिने आपल्या ऐपतीतलं काय मिळतं ते धुंडाळायला सुरुवात केली. पहिलं आणलं बायकी घड्याळ, शेंगदाण्याएवढं, सेकंदाचा काटाच नाही. ते परत केलं. मग एक गजराचं घड्याळ पिशवीत घालून नेऊ लागली. ते एका घरी ऐन कळांमध्ये खणखणलं आणि बाळंतिणीच्या सासूने त्याच्यावर उशी दाबून धरली. शेवटी एका रविवारी आम्ही चोरबाजारात गेलो. लढाई संपल्यावर लष्कराचा टाकाऊ माल तिथे येऊन पडला होता. बूट, डबे, कोट, आणि त्यातच एका फडक्यावर घड्याळांचा ढीग. काळी तबकडी, अंधारात हिरवे चमकणारे आकडे आणि खालच्या लहानशा गोलात सेकंदाचा काटा. पट्टा एवढा लांब की मथूच्या मनगटाला दोन वेढे बसावेत.

ती तिथेही घोटाळत होती. म्हणाली, "आणखी दोन वर्षं थांबले तर डॉक्टरांसारखं नाही, पण त्याच्या खालचं तरी येईल." मी वैतागून म्हटलं, "तोवर घाटकोपरची पोरं पोटात थांबणार आहेत का? घे हेच." तिने घेतलं. ते वाक्य मी बोलले नसते तर, असा विचार पुढे मी पुष्कळदा केला.

घड्याळ दिसायला दणकट, पण चालीला लहरी होतं. आठवड्यातून एकदा मागे पडायचं आणि वेळेवर किल्ली दिली नाही तर सरळ उभं राहायचं. मथू रोज सकाळी स्टेशनवर जाऊन ते लावून घ्यायची. 'सिस्टरचं घड्याळ' हा चाळीत थट्टेचा विषय झाला. कुणी उशिरा आला की म्हणायचा, सिस्टरच्या घड्याळाने आलो. मथू रागावत नसे. "स्वस्तातलं आहे, पण माझं आहे," एवढंच म्हणून मनगट पदराने पुसायची.

त्या वर्षी पावसाळा संपता संपता तिला टेकडीखालच्या एका कोकणी कुटुंबाकडून बोलावणं आलं. मालवणकडची माणसं. म्हातारा एके काळी गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम होता. मुलगा विष्णू माहुलला नव्या कारखान्याच्या बांधकामावर होता, उंचावर लोखंड चढवण्याच्या कामाला. त्याच्या बायकोचं, सुलोचनाचं, पहिलंच बाळंतपण. मूल आडवं होतं. मथू आदल्या दिवशी दुपारी गेली ती रात्रभर तिथेच राहिली, आणि रात्रभराच्या त्या ओढाताणीत घड्याळाला किल्ली द्यायची राहून गेली.

सकाळी तिने पाहिलं तर घड्याळ बंद. समोरच्या भिंतीवर लंबकाचं जुनं घड्याळ टिकटिकत होतं. तिने कुणाला विचारलं नाही. विचारायला सवड तरी कुठे होती? भिंतीवर पाहिलं, आपल्या घड्याळाचे काटे फिरवले, किल्ली दिली आणि पुन्हा खाली वाकली. मूल झालं तेव्हा मनगटावर सात पस्तीस झाले होते. मुलगी. बराच वेळ रडली नाही, मग रडली. मथूने वेळ कागदावर लिहून म्हाताऱ्याच्या हातात दिली.

तिथून निघून ती प्रसूतिगृहात गेली, तर तिथल्या घड्याळापेक्षा तिचं घड्याळ चाळीस मिनिटं मागे. दुपारी गॅलरीत बसून चहा पिताना तिने मला हे सांगितलं. "मेलं पुन्हा मागे पडलं बघ. सकाळीच लावलं होतं." मी हसले. म्हटलं, लढाईतून आलंय, दमलंय. तिने काटे पुढे केले आणि आम्ही दुसऱ्या विषयावर गेलो. त्या घड्याळाची मागे पडण्याची खोड आमच्या इतकी अंगवळणी पडली होती की आणखी काही कारण असेल हे दोघींच्याही डोक्यात आलं नाही.

आता सांगून पटणार नाही, पण तेव्हाच्या मुंबईत दोन वेळा नांदत होत्या. एक सरकारची, रेल्वेची, ऑफिसांची, म्हणजे स्टँडर्ड टाइम. दुसरी जुन्या माणसांची, मुंबई टाइम नावाची, एकोणचाळीस मिनिटं मागे. ती केव्हाच मोडीत निघाली होती, तरी काही हट्टी म्हाताऱ्यांनी आपल्या घरात ती जपून ठेवली होती. पत्रिका करणाऱ्या भटजींनाही हे माहीत असायचं, म्हणून त्यांनी म्हाताऱ्याला रीतसर विचारलं, वेळ कुठली? म्हाताऱ्याने सांगितलं, नर्सबाईंच्या घड्याळाची, त्या रेल्वेच्या वेळेने चालतात. भटजींनी सात पस्तीस धरले. त्या दिवशी मूळ नक्षत्र आठला पाच मिनिटं कमी असताना संपत होतं. मुलगी मुळावर जन्मली, असं ठरलं.

शेवटचा चरण त्यातल्या त्यात बरा, मुळाची शांत करून घ्या, असं भटजी म्हणाले होते म्हणे. पण 'मूळ' हा शब्द एकदा घरात शिरला की चरणाबिरणाला कोण विचारतो? सत्ताविसाव्या दिवशी शांत होईपर्यंत बापाने मुलीचं तोंड पाहायचं नाही, असा नियम झाला. विष्णू कामावरून आला की दाराबाहेर बसायचा. आत मुलगी रडली की आतल्या बायकोला विचारायचा, "भूक लागली काय गो तिका?" एवढाच बापलेकीचा संबंध. अठराव्या दिवशी माहुलला तो परांचीवरून खाली पडला. घरी आणलं ते झाकूनच.

पुढे काय झालं असेल ते वेगळं सांगायला नको. आजी मुलीला हात लावेना. 'बापाच्या मुळावर इली' हे वाक्य टेकडीखालच्या वस्तीत पाण्याच्या नळावरसुद्धा ऐकू येऊ लागलं. सुलोचनाचं दूध आटलं. मुलीचं बारसं झालं नाही, त्यामुळे तिला नावही नव्हतं. तिला गावी एका लांबच्या मावशीकडे पाठवून द्यायचं घाटत होतं. मथूच्या कानावर हे आलं आणि ती एका सकाळी सुलोचनाला बघायला म्हणून गेली.

तिथे काय झालं ते तिने मला नंतर इतक्या वेळा सांगितलं की मीच तिथे बसले होते असं मला वाटतं. मथू मुलीला मांडीवर घेऊन बाटलीने दूध पाजत होती. तेवढ्यात जवळच्या एका कारखान्याचा बाराचा भोंगा झाला. तिने सवयीने मनगटाकडे पाहिलं. बारा. मग सहज भिंतीकडे पाहिलं. अकरा वाजून एकवीस मिनिटं.

"आजोबा, तुमचं घड्याळ मागे आहे," ती म्हणाली.

"मागे नाय," म्हातारा म्हणाला. "ता मुंबई टाइमचा आसा. चाळीस मिन्टां वाडवली की सरकारी टाइम जाता. माका ह्योच बरो."

मथू म्हणायची की त्या क्षणी तिच्या हातातली बाटली मुलीच्या तोंडातून निसटली आणि मुलगी रडायला लागली, तरी तिला ते ऐकू येत नव्हतं. मग तिने सगळं सांगितलं. घड्याळ बंद पडलं होतं, भिंतीवरचं बघून लावलं, सात पस्तीस नव्हे, आठ चौदा. मूळ संपलं होतं. पोरीवर काही नाही. चूक माझी आहे, माझ्या घड्याळाची आहे, तिची नाही.

म्हातारा खाली मान घालून बसला. आजी मात्र मथूसमोर येऊन उभी राहिली. तिचा आवाज चढला नव्हता. "मगे माझो झील कित्याक गेलो?" तिने विचारलं. "ताच सांगा, बाई. चेडवाचो दोष नाय, तर कोणाचो?"

परांचीचे दोर कुजले होते असं माहुलला लोक दबल्या आवाजात बोलत होते, पण त्याचं पुढे कुणी काही केलं नाही. आजीला लेकाच्या मरणाचं एक कारण सापडलं होतं, आणि मथू तेवढंच तिच्या हातून काढून घ्यायला आली होती.

ती निघाली तेव्हा सुलोचना दारापर्यंत आली. म्हणाली, "बाई, माका ठाऊक होता. आठाचो भोंगो झालो तेव्हा पोर अजून पोटात होती. मी भोंगो आयकलंय."

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"तुमच्या घड्याळासमोर माझा कोण आयकतला?"

मथूने दुसऱ्या दिवशी भटजींकडे बसून नवी पत्रिका करवून घेतली आणि नेऊन दिली. म्हाताऱ्याने ती वाचली, भिंतीवरच्या घड्याळाचे काटे स्वतःच्या हाताने चाळीस मिनिटं पुढे सारले आणि पत्रिका घड्याळामागे खोचून ठेवली. तरी त्याच आठवड्यात मुलीला बोटीने गावी धाडलं. दिवाळीच्या आधी पोस्टकार्ड आलं की चेडू जुलाबांनी गेलं. मथूने ते कार्ड मला वाचायला दिलं. मी वाचून परत दिलं. दोघींनीही त्या संध्याकाळी चूल पेटवली नाही. मला रडू आलं, तिला आलं नाही. ती नुसती पेरांवर अंगठा फिरवत बसली होती. काय मोजतेस म्हणून विचारायचं मला धाडस झालं नाही.

त्यानंतरची मथू वेगळी. बडबड कमी झाली. कामात ढिलाई नाही, पण पिशवीत बोळे, कात्री, दोरा यांच्या जोडीला एक नवी वस्तू आली, पंचांग. मला वाटलं, धसका घेऊन ही देवभोळी झाली. मग एकदा तिच्या नोंदवहीत माझ्याच शेजाऱ्यांच्या नातवाचा जन्म दिसला. मी त्या वेळी त्यांच्या दारात उभी होते आणि शाळेची पहिली घंटा नुकतीच वाजली होती. वहीत मात्र पाऊण तास आधीची वेळ होती.

"मथू, ही वेळ चुकली आहे."

"चुकली नाही. पाऊण तासापूर्वी मूळ लागलं नव्हतं."

माझ्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. "तू खोट्या वेळा लिहितेस?"

"माझं घड्याळ स्वस्तातलं आहे," ती म्हणाली. "मागेपुढे होतं. सगळ्या घाटकोपरला ठाऊक आहे."

एका मिनिटासाठी जीव टाकणारी बाई ही. मी तिला म्हटलं, ही फसवणूक आहे. ती म्हणाली, "आहेच. पण खऱ्या वेळेने एक पोर गेली असती तरी मी हेच केलं असतं. ती तर खोट्या वेळेने गेली." ह्यावर मी तिच्याशी पुन्हा कधी वाद घातला नाही. मूळ, आश्लेषा, अमावास्या, जे काही पोरीबाळींच्या गळ्यात पडू शकेल ते तिने आपल्या त्या लष्करी घड्याळाने मागेपुढे सारलं. मुलगी असली तर दुप्पट काळजी. "मुलाचं लोक चालवून घेतात," असं ती म्हणायची.

दोन-तीन वर्षांनी डॉक्टर प्रसूतिगृह बंद करून मुलाकडे राहायला निघाले. जाताना त्यांनी मथूला बोलावलं आणि मनगटावरचं सोन्याचं स्विस घड्याळ काढून तिच्यापुढे धरलं. एवढी वर्षं ती त्याच्याकडे कशी बघते हे त्यांनी पाहिलं असणार. मथूने ते हातात घेतलं, कानाला लावलं, उलटसुलट करून पाहिलं आणि परत दिलं. डॉक्टरांना वाईट वाटलं. मीही घरी येऊन तिला झापलं. जन्मभर ज्याच्यासाठी तरसलीस, ते आयतं हातात आलं तर नको म्हणतेस?

"इतकं चांगलं घड्याळ घेऊन मी काय करू?" ती म्हणाली. "हे हातात असलं तर माझं कोण ऐकून घेईल, मागे पडलं म्हणून?"

पन्नासचं दशक सरत आलं तेव्हा तिच्या पोटात गाठ निघाली. मोठ्या इस्पितळातून तिला परत पाठवलं, म्हणजे काय ते आम्हाला कळलं. शेवटचे दोन महिने तिचं करायला मी शाळेतून रजा घेतली. रोज सकाळी ती हात पुढे करायची आणि मी त्या घड्याळाला किल्ली द्यायची. पट्ट्याला मी एकामागून एक भोकं पाडत गेले, तरी ते कोपरापर्यंत घसरायचं. शेवटच्या आठवड्यात माझंच लक्ष राहिलं नाही, आणि ते नेहमीप्रमाणे मागे पडू लागलं. मी लावायला गेले, तर तिने मनगट काढून घेतलं.

ती एका दुपारी गेली. तिची नाडी मी धरून होते. एकोणतिसाचा पाढा म्हणायला सुरुवात केली आणि एकोणतीस चोकच्या पुढे मोजायला काही उरलं नाही. माझ्या मनगटावरच्या घड्याळात तीनला दहा कमी होते.

चाळ जमली. बायका कुजबुजू लागल्या. कुणीतरी मथूच्याच फळीवरचं पंचांग काढून पाहिलं. अडीचला पंचक लागत होतं. पंचकात माणूस गेलं की मागे पाचांना नेतं, अशी समजूत. पलीकडच्या खोलीत दहा दिवसांची बाळंतीण होती, पहिल्या खेपेला मथूनेच सोडवलेली. तिची सासू नातीला पदराखाली घट्ट धरून दाराशी उभी होती. भटजी आले. त्यांनी टोपी सारखी करत मला विचारलं, "बाई, नक्की वेळ काय होती?"

सगळ्यांचे डोळे माझ्याकडे लागले. आयुष्यभर मुलांना खरं बोला म्हणून शिकवलेली मी मास्तरीण. मी माझा हात पदराखाली घेतला आणि मथूचा हात उचलला. हिरवे आकडे, खालच्या गोलात फिरणारा बारका काटा. "ती गेली तेव्हा ह्या घड्याळात दोन वाजून पाच मिनिटं झाली होती," मी सांगितलं.

भटजींनी मान हलवली आणि तयारीला लागले. दारातल्या सासूने नातीचा मुका घेतला. ते घड्याळ मागे पडतं हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, पण कुणी मला दुसऱ्यांदा विचारलं नाही.